लिखा, उवा आणि ऑर्कची पोरं



गुहेत अंधार आहे. बाहेरच्या दालनात लढणारे बाप्ये मरून पडलेत. आतल्या दालनात बायका आहेत, पोरं आहेत. पोरं लढत नाहीत. तलवार तुमच्या हातात आहे. बोला, काय करता?

हा सवाल आमच्या डोक्यातून निघालेला नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाच्या खेळात तो कित्येक वर्षं टेबलावर पडून आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी 1974 साली हा खेळ बाजारात आणला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि घाव बसला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आता आपल्या शहरातली पोरंही रविवारी जमून हा खेळ खेळतात. खेळा की. आमचं भांडण खेळण्याशी नाही. या खेळात मारायला कोणाला ठेवलंय आणि काय म्हणून, एवढंच आम्हाला विचारायचंय.

1977 साली या खेळाचं 'मॉन्स्टर मॅन्युअल' निघालं. अक्राळविक्राळ प्राण्यांची ही नोंदवही. एका टोळीत किती सापडतात, बिळात धन किती, अंगात जोर किती, आणि स्वभाव कसा, सगळं रकान्यात मांडलेलं. ऑर्कच्या स्वभावाच्या रकान्यात लिहिलंय: दुष्ट. अमका ऑर्क नव्हे, तमका नव्हे. ऑर्क म्हणजेच दुष्ट.

आता बघा, वाघाला कोणी दुष्ट म्हणत नाही. वाघाला भूक लागते, एवढंच. पण ऑर्क बोलतो. हत्यारं घडवतो, खाणी खणतो, सरदार निवडतो. त्याला बायका आहेत, पोरं आहेत, त्यांचीसुद्धा पुरुषांमागे किती टक्के अशी मोजदाद पुस्तकात आहे. म्हणजे सगळं माणसाचं दिलं. फक्त एक गोष्ट दिली नाही: आपण कसं वागायचं ते आपलं आपण ठरवण्याची मुभा. ती काढून घेतली की पुढचं काम सोपं होतं. त्या काळच्या नियमांत मारलं की गुण मिळत, लुटलं तर आणखी मिळत, आणि गुण साठले की नायक एक पायरी वर चढे. अशा हिशेबाला समोरचा जन्मानंच दुष्ट असावा लागतो. नाहीतर त्याच हिशेबाला दरोडा म्हणावं लागेल.

सुरुवातीची गुहा आहे 1979 सालच्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' या मोहिमेतली. सरहद्दीवर एक किल्ला. आत कायदा, दुकानं, देऊळ. बाहेर दरीत अनागोंदीच्या गुहा, त्यांत कोबोल्ड, गॉब्लिन, ऑर्क आपापल्या कुटुंबांसह राहतात. ते तिथं आधीपासून होते की किल्ला आधी आला, हे विचारायची सोय गोष्टीत नाही. हा नकाशा अमेरिकेनं एकदा जमिनीवर काढलेला आहे.

हे आम्ही ओढूनताणून म्हणत नाही. धर्मयोद्ध्यानं नीती कशी पाळावी, यावर 2005 साली लिहिताना गायगॅक्सनं स्वतःच एका जुन्या म्हणीचा आधार घेतला: लिखांच्याच उवा होतात. तिकडं ही म्हण कर्नल जॉन चिव्हिंग्टनच्या नावाशी जोडलेली आहे. 29 नोव्हेंबर 1864 रोजी कोलोरॅडोत सँड क्रीकच्या काठी त्याच्या फौजेनं शायान आणि अरापाहो लोकांच्या तळावर हल्ला केला. तळावर अमेरिकेचा झेंडा आणि पांढरं निशाण फडकत होतं. दीडशेहून जास्त माणसं कापली गेली. त्यातल्या बहुतेक बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. लीख मारायची, कारण उद्या तिची ऊ होणार. आतल्या दालनातल्या पोरांबद्दलचं उत्तर हे असं आलंय.

कोणी म्हणेल, अरे, खेळ आहे तो, कागदावरचा ऑर्क मेला तर कोणाची आई रडते? बरोबर आहे. खेळ म्हणजे सँड क्रीक नव्हे, आणि खेळणारी पोरं म्हणजे चिव्हिंग्टनची फौज नव्हे. पण दर रविवारी हात एका गोष्टीला सरावतो. न विचारण्याला.

दुसरे म्हणतात, ऑर्कमध्ये तुम्हाला काळा माणूस दिसतो, म्हणजे पाप तुमच्याच मनात. वा रे वा! ऑर्क हे कोणा एका समाजाचं चित्र नाहीच. तो साचा आहे. टोल्किननं 1954-55 च्या कादंबरीतून हा साचा जगभर नेला, आणि ऑर्क कसे दिसतात ते 1958 च्या एका पत्रात सांगताना बसकं नाक, पिवळट कातडी, तिरपे डोळे असं मंगोल माणसाचं विद्रूप रूप उभं केलं. अख्खी जमात जन्मानं दुष्ट कशी, या प्रश्नानं तो स्वतःही अस्वस्थ होता. खेळ बनवणाऱ्यांनी ती अस्वस्थता घेतली नाही, साचा तेवढा उचलला. 2000 सालच्या नियमांत अर्ध्या ऑर्कला ताकद अधिक दोन, बुद्धी उणे दोन. 2016 साली पुन्हा ऑर्कची बुद्धी उणे दोन. ही बेरीज-वजाबाकी मला कोणी शिकवायला नको. गोदीत पाठीवर गोण असताना मुकादमाच्या तोंडून ऐकलीय: तू उचल, डोकं चालवू नको. ज्याच्याकडून ओझं उचलून घ्यायचं त्याच्या अकलेतून दोन वजा करायचे, हा नियम फाशाच्या आधीचा आहे.

आणि आपण यात नाही असं समजू नका. 1977 च्या त्याच नोंदवहीत 'राक्षस' आहे, याच नावानं. चित्रात तोंड वाघाचं, अंगात झगा, हातात पाईप. माणसं खातो, रूपं बदलतो, आणि मंतरलेला बाण लागला की जागीच मरतो. मंत्र कोणाचा, बाण कोणाचा, हे आपल्याला सांगायला नको. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त त्या शब्दाची साल काढली: राक्षस म्हणजे रक्षण करणारे. ज्यांनी राखलं त्यांना जिंकणाऱ्यांनी पुराणात शिंगं आणि सुळे लावले. अमेरिकेतल्या खेळानं आपल्या पोथीतून उचलले ते शिंगं-सुळेच. जोतीराव त्याच्या वाचनात नव्हते.

आता कंपनीला जाग आलीय. 2020 साली तिनं जाहीर केलं, ऑर्क आणि काळ्या कातडीचे ड्राउ यांना यापुढं इतर माणसांसारखंच गुंतागुंतीचं रंगवू. बुद्धीतली वजाबाकी काढली. चांगलं झालं. आणि 2022 साली त्याच कंपनीनं 'हॅडोझी' नावाची माकडासारखी जमात छापली. एक जादूगार त्यांना पकडतो, औषध पाजून शहाणं करतो, विकायचा बेत करतो, आणि त्यांची सुटका करतात जादूगाराचेच चेले. स्वतःची बेडी स्वतः तोडण्याचाही मान नाही! ओरड झाल्यावर माफी मागितली, मजकूर काढला. 2024 च्या पुस्तकात 'रेस' हा शब्द जाऊन 'स्पीशीज' आला. म्हणजे वंश गेला, प्रजाती आली. अंतर घटलं की वाढलं, तुम्हीच ठरवा. 2025 च्या नव्या नोंदवहीत ऑर्कचं पान नाही.

पान गेल्याचं दुःख आम्हाला नाही. पण रकाना तसाच राहिला तर त्यात उद्या दुसरं कोणीतरी येईल. आणि रकाना मोडता येतो. 1982 सालीच 'ट्रोलपॅक'नं ट्रोलांना त्यांचा इतिहास, त्यांचे देव, त्यांची चूल दिली होती. 1989 च्या 'शॅडोरन'मध्ये ऑर्क माणसाच्याच आईच्या पोटी जन्मतो आणि शहरात भेदभाव सोसतो. खेळ बुडाला नाही. उलट गोष्टी वाढल्या.

परवा वस्तीतल्या एका खोलीवर पोरं खेळत होती. मी पाळी करून आलो होतो, भिंतीला टेकून ऐकत होतो. गुहेचा प्रसंग आला. सगळे चिडीचूप. मग बारावीतली एक पोरगी म्हणाली, "माझं पात्र बदला. मी आतल्या दालनात आहे. पोरं माझी आहेत. आता या आत, आणि तुम्हाला कोणी पाठवलं ते आधी सांगा."

फासा कोणी टाकला नाही. त्या रात्री दोन वाजेपर्यंत नुसतं बोलणं चाललं. त्या पोरीनं विचारलेलं प्रत्येक टेबलावर विचारा.