मामाच्या गावात बघण्यासारखं काय आहे?

पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीला आलेल्या भाचीनं तिसऱ्याच दिवशी विचारलं, “मामा, इथे बघण्यासारखं काय आहे?” वय वर्षं दहा, हातात माझाच फोन. मी सहज बोलून गेलो, “काही नाही गं. धरण आहे. बाकी तुळजापूरला दर्शनाला जाऊ.”

तिनं मान डोलावली आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. ती विसरली. मी नाही विसरलो. लहानपणी मलाही हेच उत्तर मिळालं होतं. त्यावर विश्वास ठेवून आमच्या माकणीतली आणि आसपासच्या गावांतली कितीतरी पोरं शहरात गेली. पोटासाठी गेली हे खरं. पण जाताना मागं काही सोडून चाललोय असं वाटलंच नाही, हेही तितकंच खरं.

त्या ‘काही नाही’शी मला भांडायचं आहे. आणि पहिलं भांडण माझ्याशीच आहे.

आधी हिशोब मांडू. माकणीचं धरण म्हणजे निम्न तेरणा प्रकल्प. ज्या तेरणेवर तो आहे, तिच्याच काठी वरच्या अंगाला तेर आहे. आपण त्याला गोरोबाकाकांचं तेर म्हणून ओळखतो, समाधीला डोकं टेकवतो आणि परत फिरतो. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात हेच गाव ‘तगर’ म्हणून येतं. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर, आणि इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. इटलीतल्या पॉम्पेई या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात १९३८ साली भारतात घडवलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती तेरला मिळालेली आहे. ज्या नदीत आमच्या म्हशी डुंबतात, तिच्या काठचा माल रोमन जगात जात होता. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या, त्यातून तिथलं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. एका माणसाला त्या मातीत काहीतरी दिसलं, म्हणून आज आपल्याला ते बघता येतं.

नळदुर्ग घ्या. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३च्या सुमारास, बोरी नदी अडवून बंधारा बांधला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल काढला. नदी भरून वाहते तेव्हा पाणी वरून कोसळतं आणि माणूस आत कोरडा उभा राहतो. नर आणि मादी हे दोन धबधबे आपण रीलमध्ये शंभरदा पाहिलेत. पण नदीचा एवढा रेटा ती भिंत चारशे वर्षं कशी सोसते, हा प्रश्न दहा वर्षांच्या पोरीला पडू शकतो. तिला तो पडायला वेळ मात्र द्यावा लागतो.

येडशीजवळ रामलिंगचं जंगल आहे, माकडं आहेत, पावसाळ्यात धबधबा आहे, जटायूची गोष्ट आहे. धाराशिव शहराजवळ लेणी आहेत, औशाकडं खरोशाची लेणी आहेत. आमच्याच लोहारा तालुक्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आहे. निजामाच्या राज्यात स्वामी रामानंद तीर्थांनी तिथं शिकवलं. परंड्याच्या किल्ल्यावरची ‘मुलुख मैदान’ तोफ विजापूरला गेली, हे सांगितलं की कुठलंही पोर विचारतं, “एवढी मोठी तोफ नेली कशी?”

म्हणजे बघण्यासारखं नाही, हे खोटं आहे. मग आपण तसं का म्हणतो?

माझं मत असं : आपल्याकडं घराबाहेर पडायची दोनच कारणं मान्य आहेत. एक दर्शन, दुसरी मजा. दर्शनाला तुळजापूर, मजेला सोलापूर-पुण्याचा मॉल नाहीतर वॉटरपार्क. या दोन्हींत न बसणारी जी तिसरी गोष्ट आहे, म्हणजे एखाद्या जागी निवांत बसून ‘हे असं का?’ विचारणं, तिला आपण सहलीत धरतच नाही. आणि पर्यटनविकास नावाचं जे काही गावोगावी होतं, तेही याच समजुतीवर चालतं. सिमेंटची कमान, रंगीत दिव्यांचं कारंजं, इंग्रजीत ‘आय लव्ह’ म्हणून पुढं गावाचं नाव. पोरं त्या अक्षरांपुढं फोटो काढतात आणि गाडीत बसतात. गावावर प्रेम असल्याची पाटी लागते. प्रेम करावं असं गावात काय आहे, ते सांगणारी पाटी लागत नाही.

आता ‘फॅमिली’ या शब्दाकडं येतो. फोनवर ‘कुटुंबासह भेट द्यावी अशी ठिकाणं’ म्हणून याद्या येतात. त्या यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं कुटुंब म्हणजे कोण असतं? स्वतःची गाडी असलेला नवरा, गॉगल लावलेली बायको आणि दोन हसरी मुलं. आमच्या कुटुंबात गुडघे दुखणारी आई आहे, अंगावर पाजणारी वहिनी आहे, आणि गाडी भाड्याची आहे.

त्याच दिवाळीत आम्ही सगळे एक जुनी वास्तू बघायला गेलो. नाव घेत नाही, कारण या एकाच जागेची ही गोष्ट नाही. दुपारी एकच्या सुमारास आई एका दगडावर टेकली आणि उठेना. मी म्हणालो, “पाणी घे.” ती म्हणाली, “नको.” ताई माझ्यावर डाफरली, “तिनं सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नाही, कळतंय का तुला? इथं जायचं कुठं?” मला कळलं नव्हतं. तीस वर्षं मी आईबरोबर प्रवास केलाय. निघताना ती पाणी पीत नाही, हे मला कधी दिसलं नव्हतं. एक स्वच्छतागृह होतं, त्याला कुलूप होतं. मी भिंतीआड जाऊन आलो. ती उन्हात बसून राहिली.

जिथं बाईला पाणी प्यायची भीती वाटते, ती जागा कुटुंबासाठी नाही. तिथं कितीही मोठा इतिहास असू दे. माझी मागणी म्हणूनच फार छोटी आहे. कारंजं नको. उघडं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. चार झाडांची सावली. म्हातारीला टेकायला बाक. रविवारी जाणारी आणि संध्याकाळी परत आणणारी एसटी. आणि त्याच गावातला, चार पैसे मिळवून गोष्ट सांगणारा एखादा पोरगा किंवा पोरगी.

यावर कुणी म्हणेल, शेतकरी अडचणीत आहे, २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि तुम्हाला सहली सुचतात? मला हा प्रश्न मान्य आहे, पण त्यातला कावा मान्य नाही. स्वच्छतागृह, सावली आणि एसटी ही चैन नाही. बाजाराच्या दिवशी, दवाखान्यात, शाळेत त्याच बायकांना तेच लागतं. आणि दुष्काळी भागातल्या पोरांनी हसूखेळू नये, प्रश्न विचारू नयेत, फक्त सोसावं, असं कुणी ठरवलं? शहरातल्या पोराला संग्रहालय आणि आमच्या पोराला फक्त कर्तव्य, ही वाटणी मला मान्य नाही.

एक जागा मात्र अशी आहे, जिच्याबद्दल माझं घरातच भांडण झालं. सास्तूरवरून जाताना भाचीनं विचारलं, “मामा, ही घरं सगळी एका रांगेत, सारखी का आहेत? कॉलनीसारखी?” मी तिला भूकंपाचं सांगायला लागलो, आणि पुढच्या सीटवरून अण्णा म्हणाले, “पोरीला कशाला सांगतूस ते? ते काय बघण्यासारखं हाय का?”

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून झोपलेली गावं, पहाटे चारच्या सुमाराला हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं नव्या जागी, सरळ रेषेत वसवली गेली. अण्णा त्या वर्षी कितीतरी दिवस ढिगारे उपसत होते. त्यांनी मला त्याबद्दल आजवर चार वाक्यंही सांगितलेली नाहीत.

अण्णांचं अर्धं बरोबर आहे. ते बघण्यासारखं नाही. पडक्या भिंतीपुढं सेल्फी काढायला मी तिला नेणार नाही. पण ते विचारण्यासारखं आहे. दख्खनचा खडक स्थिर मानला जायचा, मग इथं भूकंप कसा झाला? कोयनेच्या १९६७च्या भूकंपानंतर धरण आणि भूकंप यांचा संबंध चर्चेत आला होता. मग आमच्या या धरणाचा किल्लारीशी काही संबंध होता का, यावर शास्त्रज्ञांनी वाद घातला. माकणीच्या पोरानं हा प्रश्न त्या भिंतीवर उभं राहून विचारायचा नाही, तर कुणी विचारायचा? आपण मुलांना फक्त गोड जागा दाखवल्या, तर गावाचा अर्धा इतिहास आपल्याबरोबर सरणावर जाईल. अण्णांचा तर जवळजवळ चाललाच आहे.

शाळांनाही हेच म्हणणं आहे. सहल लांब नेली म्हणजे मोठी होत नाही. पहिली सहल आपल्या नदीची करा. तेरपासून माकणीपर्यंत तेरणेच्या काठानं दोन दिवस फिरा, मग खुशाल महाबळेश्वरला जा.

त्या दिवशी परतताना आम्ही धरणावर थांबलो. अण्णा गाडीतून उतरले नाहीत. भाचीनं विचारलं, “या पाण्याखाली काय आहे?” मी उत्तर देणार, तेवढ्यात खिडकीतून अण्णा म्हणाले, “रानं होती. काळी. लई चांगली.” एवढंच. मग काच वर केली.

येत्या मे महिन्यात ती परत येणार आहे. मी यादी केलीय. पण यादीत पहिल्यांदा ठिकाणं लिहिली नाहीत. कुठल्या जागी स्वच्छतागृह उघडं असतं, ते आधी फोन करून विचारतोय. कारण या वेळी आईनं निघताना पाणी प्यायला हवं. आणि भाचीनं पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर ‘काही नाही’ हे उत्तर माझ्या तोंडून निघणार नाही. तुमच्याही निघू देऊ नका.