फिडल नाही, मँडोलिन सही!

ऑनसाइट म्हटलं की लोकांना न्यूयॉर्क दिसतं. मला मिळालं डरहॅम, नॉर्थ कॅरोलिना. शुक्रवारी संध्याकाळी सगळं सामसूम. पहिल्याच महिन्यात इतका बोअर झालो, की कॉलेजनंतर माळ्यावर गेलेलं मँडोलिन घरून मागवून घेतलं. हिंदी गाण्यांचे चार तुकडे यायचे. तेवढ्या भांडवलावर टीममधल्या एकाने मला ओल्ड-टाइम जॅमला नेलं.

ओल्ड-टाइम म्हणजे अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांतलं नाचाचं संगीत. त्यात राजा फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच. पाच-सहा खुर्च्यांचं रिंगण, ना माइक ना स्टेज. आठ बारचा एक भाग दोनदा, दुसरा दोनदा, आणि हे बत्तीस बार दहा-दहा मिनिटं फिरत राहतात. सगळे एकत्रच वाजवतात, सोलो नाही! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या फेरीला मी जोशात बिल मन्रो स्टाइल सुरू झालो. (त्याचं ब्लूग्रास वेगळं, तिथे पाळीपाळीने सोलो असतात.) फिडलवाल्या आजींनी गज उचलला. सगळे थांबले. ‘ट्यून कुठे गेली रे?’ एवढंच त्यांनी विचारलं. माझे कान लाल!

पुढचे दोन शुक्रवार मी गेलोच नाही.

राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. फिडल आणि मँडोलिनचं ट्यूनिंग एकच: जी, डी, ए, ई. बोटं जिथल्या तिथे पडतात, म्हणून वाटतं, सोप्पं आहे यार! पण फिडलचा सूर गजावर हवा तेवढा लांबतो, मँडोलिनचा टण्‌ होऊन विझतो. मग ती रिकामी जागा भरायला आपण घाबरून भलतेच सूर कोंबतो.

रात्री हेडफोन लावून हेन्री रीड ऐकायला लागलो. व्हर्जिनियाच्या या ऐंशी पार केलेल्या फिडलरला 1966-67 मध्ये अ‍ॅलन जॅबूर नावाच्या ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने रेकॉर्ड केलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर ते सगळं फुकट ऐकता येतं. जॅबूरचा हॉलो रॉक स्ट्रिंग बँड चक्क डरहॅमचाच, आणि त्यात बर्ट्रम लेव्ही मँडोलिनवर! त्याचं मँडोलिन फिडलला सावलीसारखं चिकटून चालतं.

मग मीही ताना सोडल्या. शेजारची तार मोकळी वाजत ठेवायची, फिडलर दोन तारांवर गज ओढतो तशी. उजव्या हाताने गजाचा झोल पकडायचा. डाव्याचं नंतर बघू.

तिसऱ्या शुक्रवारी ‘अँजेलिन द बेकर’ निघालं. ऐकताना मला थेट भूप आठवतो, त्यामुळे हात जरा सैल पडला. पंधरा फेऱ्या झाल्या असतील. या वेळी गज थांबला नाही.

संपल्यावर आजी माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, ‘तुझी ई उतरलीय.’

आठ तारा, एक तरी उतरणारच. मी खुंटी पिळली आणि आम्ही पुढची ट्यून घेतली.