नुरुकाला वगळून कसला वारसा?

दक्षिण कोरियाने जून २०२१मध्ये माक्कोली बनवण्याच्या रीतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. माक्कोली म्हणजे तांदळाची दुधाळ, किंचित आंबट दारू. शेतात राबणाऱ्यांची, पाहुण्यांपुढे ठेवायची आणि पितरांना अर्पण करायची. त्या निर्णयात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. लोकांच्या सूचनेवरून त्या यादीत गेलेली ही पहिलीच परंपरा. शिवाय सरकारने तिचा वारसदार म्हणून कुणा व्यक्तीचं किंवा संस्थेचं नाव जाहीर केलं नाही. जी रीत घरोघरी होती ती एकाच्या नावावर कशी करणार? हा विचार योग्यच होता. पण त्याच देशाचे मद्यविषयक कायदे अजून या रीतीचा गाभा ओळखत नाहीत, आणि ते बदलेपर्यंत हा मान अपुराच राहील.

हा गाभा म्हणजे नुरुक. गहू जाडाभरडा दळतात, पाण्याने ओलसर करतात, कापडात गुंडाळून पायांनी तुडवून त्याच्या घट्ट चकत्या करतात आणि त्या काही आठवडे उबदार जागी ठेवतात. हवेतली, भिंतींवरची, गवतातली बुरशी आणि यीस्ट त्यांत आपसूक शिरतात. मग तांदूळ मोकळा वाफवून, गार करून, कुटलेल्या नुरुकाबरोबर पाण्यात कालवून मातीच्या रांजणात भरतात. एकाच रांजणात एकाच वेळी बुरशी भातातल्या पिठाची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेची दारू. वर साचते ती नितळ दारू आधी काढून घेतात. खालचा गाळ पाणी घालून गाळला की माक्कोली, आणि आंबवलेलं भट्टीवर चढवलं की खरा सोजू. ऊर्ध्वपातनाची ही विद्या तेराव्या शतकात मंगोलांबरोबर कोरियात आली.

गावाची हवा वेगळी, म्हणून नुरुक वेगळा, म्हणून चव वेगळी. जांग ग्ये-ह्यांग या विदुषीने १६७०च्या सुमारास कोरियन लिपीत लिहिलेल्या ‘उमशिक दिमिबांग’ या पाकग्रंथात दीडशेच्या आसपास कृती आहेत, आणि त्यांतल्या पन्नासहून अधिक दारूच्या आहेत. एका खानदानी घरातल्या बाईने लेकीसुनांसाठी लिहून ठेवलेलं हे ज्ञान आहे. पितरांचे विधी आणि आल्यागेल्याचं आदरातिथ्य ही घरच्या बाईची जबाबदारी होती, आणि दारूशिवाय यांपैकी काहीच पार पडत नसे.

हे सगळं मोडलं ते करापायी. जपानच्या दबावाखाली १९०९मध्ये मद्यकराचा कायदा आला, १९१६मध्ये तो आणखी कडक झाला आणि १९३४पर्यंत घरच्यापुरती दारू बनवायचे परवानेही संपले. पितरांसाठी रांजण घालणारी बाई कायद्याच्या लेखी गुन्हेगार ठरली. करवसुलीचे अधिकारी गावात आले की लोक रांजण सरपणाखाली दडवत. मोजक्या कारखान्यांकडून कर गोळा करणं सरकारला सोयीचं होतं, आणि त्या कारखान्यांत जंगली नुरुकाऐवजी जपानी पद्धतीची निवडक बुरशी वापरली जाऊ लागली.

दारूवरचा कर बुडू नये म्हणून मुंबई इलाख्याने १८९२मध्ये मोहाच्या फुलांवर केलेला कायदा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही.

जपानपासून स्वातंत्र्य मिळाल्यावरही कोरियातल्या घरच्या रांजणांवरची बंदी उठली नाही. धान्यटंचाईमुळे १९६५पासून माक्कोलीसाठी तांदूळ वापरायलाच मनाई झाली. मग गव्हाच्या पिठाची माक्कोली आली. १९७७मध्ये भरघोस पिकानंतर तांदळाला परवानगी मिळाली, ती पुन्हा गेली आणि १९९०च्या सुमारास कायमची परतली. घरी दारू बनवणं कायदेशीर झालं ते थेट १९९५मध्ये. जवळपास साठ वर्षं! एवढ्या काळात आजीकडून नातीकडे जाणारी विद्या तुटायला दोन पिढ्यांचं मौन पुरेसं असतं. बुसानमधल्या ग्युमजोंग किल्ल्याच्या गावातल्या बाया आजही नुरुक पायांनी तुडवतात. त्यांची पद्धत वाचली, कारण डोंगरावरच्या या गावाने धाडी पडत असतानाही ती सोडली नाही.

सरकारला जाग आली ती पाहुण्यांच्या निमित्ताने. आशियाई खेळांच्या वर्षी, १९८६मध्ये, तीन दारूंना राष्ट्रीय वारशाचा मान मिळाला. त्यांतली म्योनचोनची दुग्योन्जू ही अझेलियाच्या पाकळ्या घालून केलेली तांदळाची दारू. तिच्या एकमेव मान्यताप्राप्त जाणकाराचं २००१मध्ये निधन झालं आणि परंपराच खंडित होते की काय, अशी वेळ आली. तेव्हा गावातली काही कुटुंबं एकत्र आली, त्यांनी ती पुन्हा उभी केली आणि २००७मध्ये त्यांच्या मंडळाला मान्यता मिळाली. २०१८मध्ये पानमुनजोम इथे दोन्ही कोरियांचे नेते भेटले, तेव्हा मेजवानीत हीच दारू होती. एका माणसाच्या खांद्यावर वारसा ठेवला की काय होतं आणि गावाने तो उचलला की काय होतं, दोन्ही म्योनचोनने दाखवलं.

आता कायद्याकडे पाहावं. कोरियात ‘पारंपरिक मद्य’ ठरतं ते मान्यताप्राप्त कारागीर बनवतो म्हणून किंवा स्थानिक शेतमाल वापरला म्हणून. ते ठरलं की करात सवलत मिळते आणि ऑनलाइन विकता येतं. त्यामुळे रॅपर जे पार्कचा २०२२मध्ये आलेला वोन सोजू वोन्जूच्या तांदळामुळे पारंपरिक ठरला, आणि सोलच्या गल्लोगल्ली मिळणारी जांगसू माक्कोली ठरली नाही. स्थानिक शेतकऱ्याला आधार देणं रास्तच आहे. पण दारू कशाने आंबवली, हा प्रश्न या व्याख्येत कुठेच नाही.

करकायद्यात तर नुरुकाची थेट गळचेपी आहे. तांदळाच्या एक टक्क्याहून कमी नुरुक वापरणाऱ्यालाच बाटलीवर ‘चोंगजू’ लिहिता येतं. म्हणजे शेकडो वर्षं कोरियन घरांत नुरुकाने बनलेल्या नितळ दारूला तिचंच नाव लावायची मुभा नाही. ते जपानी पद्धतीच्या दारूसाठी राखून ठेवलेलं, वसाहतकाळातल्या वर्गवारीचा वारसा म्हणून.

दारू जपणं म्हणजे पिण्याचा प्रसार नव्हे. उलट, स्टार्चपासून कारखान्यात काढलेला मद्यार्क पाण्यात मिसळून, वर गोडवा घालून हिरव्या बाटल्यांत विकला जाणारा स्वस्त सोजू कोरियात सर्वाधिक खपतो, आणि आठवडे खाऊन तयार होणाऱ्या रांजणाला त्याच्याशी किमतीत टक्कर देता येत नाही. म्हणून सवलतीचा निकष बदलायला हवा. जो नुरुक वापरतो, स्वतः बनवतो किंवा गावच्या बायांकडून विकत घेतो, त्याला करात सूट द्यावी, मग तो कारागीर नोंदणीकृत असो वा नसो. एक टक्क्याची अट काढून टाकावी. आणि वारशाच्या निधीतला मोठा वाटा प्रदर्शनांऐवजी ग्युमजोंगसारख्या गावांतल्या नुरुकाच्या खोल्यांना आणि तिथे शिकायला येणाऱ्या तरुणांना मिळावा.