बियाण्याची पिशवी आणि मोटारीची बॅटरी: विक्रीनंतर ताकद कोणाची?

आजचा थ्रेड विद्युत मोटारींविषयी आहे, पण आरंभ जालन्यातील बियाण्याच्या पिशवीपासून करावा लागेल.

१९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे ‘महिको’, स्थापन केली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि जालना हे बियाण्यांचे शहर म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. १९६६ मध्ये बियाणे कायदा आला. तेव्हापासून पिशवीवरील लेबल ही केवळ जाहिरात राहिली नाही. उगवणशक्ती किती टक्के, शुद्धता किती, चाचणी कधी झाली, हे त्यावर लिहावे लागते. संकरित बियाण्याची दुसरी पिढी पहिलीसारखी पिकत नाही, म्हणजे उत्पादकाचा ताबा येथेही असतोच. मात्र ही गोष्ट शेतकऱ्याला पेरणीपूर्वीच ठाऊक असते. पिशवी घरी आल्यानंतर रात्रीतून कोणी शेतात शिरून उगवणशक्ती दहा टक्क्यांनी उतरवू शकत नाही.

मोटारीच्या बाबतीत आता नेमके हेच शक्य झाले आहे, आणि ते घडलेही आहे.

प्रथम थोडा इतिहास. २९ एप्रिल १८९९ रोजी कामिय जेनात्सी या बेल्जियन चालकाने पॅरिसजवळ ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. रस्त्यावरील वाहनाने शंभरी ओलांडण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ते वाहन विजेवर चालणारे होते. विजेच्या मोटारीला ताकदीची वाण कधीच नव्हती. दुखणे होते बॅटरीच्या आयुष्याचे. ती किती वर्षे टिकेल आणि टिकली नाही तर तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही.

थॉमस एडिसनने या प्रश्नाला दिलेले उत्तर मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण वाटते. शिसे आणि आम्ल यांच्या बॅटरीला पर्याय म्हणून त्याने निकेल-लोखंडाची बॅटरी बाजारात आणली. मालवाहू गाड्यांत ती बसवली गेली आणि थोड्याच काळात तक्रारी सुरू झाल्या. डबे गळू लागले, काही घटांची क्षमता झपाट्याने घसरली. १९०४ च्या सुमारास एडिसनने विक्री थांबवली, बिघडलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेची वाट धरली. सुधारित बॅटरी आली ती १९०९ मध्ये. एडिसन काही संत नव्हता. विजेच्या प्रवाहांवरून झालेल्या वादातील त्याचे वर्तन या मालिकेचे वाचक विसरले नसतील. पण येथे तोटा विक्रेत्याने सोसला, ग्राहकाच्या गाडीची धाव गुपचूप आखडली नाही. अर्थात, तसे करण्याचे साधनच त्याच्यापाशी नव्हते, हेही खरे.

दुसरे उत्तर अमेरिकेतील हार्टफर्ड या शहरातून आले. तेथील वीज कंपनीने १९१० च्या दशकात एक योजना राबवली: मालगाडी बॅटरीविना विकत घ्यायची, बॅटरी कंपनीची राहणार, ग्राहकाने मासिक आकार आणि मैलांच्या हिशेबाने पैसे द्यायचे. १९२४ पर्यंत चाललेल्या या योजनेत गाड्यांनी साठ लाखांहून अधिक मैल कापले. बॅटरी ज्याची, जोखीमही त्याचीच. तिला जपून वापरण्याचे नियम त्याने केले तर ते न्याय्यच होते. २०२४ मध्ये भारतात एमजी विंडसर ही मोटार बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे आकारण्याच्या पर्यायासह आली, तेव्हा अनेकांना ती अभिनव कल्पना वाटली. ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

आता २०१९ कडे वळू. टेस्लाने मॉडेल एस या मोटारींच्या काही प्रतींना दूरस्थ सॉफ्टवेअर बदल पाठवला आणि बॅटरीचे कमाल व्होल्टेज खाली आणले. परिणामी एका चार्जिंगमध्ये कापता येणारे अंतर घटले. कंपनीचे म्हणणे असे, की बॅटरीचे संरक्षण व्हावे आणि ती दीर्घकाळ टिकावी यासाठी हा बदल केला. मालकांचा आरोप असा, की हमीच्या काळात महागड्या बॅटऱ्या बदलून द्याव्या लागू नयेत म्हणून हा मार्ग शोधला. खटला २०२१ मध्ये तडजोडीने मिटला: १,७४३ मोटारी, प्रत्येकी ६२५ डॉलर. बहुतेकांचे व्होल्टेज नंतरच्या बदलांनी पूर्ववत झाले. न्यायालयाने दोषाचा निवाडा केला नाही, म्हणून कंपनीच्या मनात काय होते यावर मी मत देणार नाही. माझा आक्षेप कृतीच्या रीतीवर आहे.

आमिष कोठे आहे, ते पाहा. लिथियमच्या बॅटरीला चार गोष्टी झिजवतात: उष्णता, सतत काठोकाठ भरलेली अवस्था, वेगवान चार्जिंग आणि एकदम ओढलेला मोठा प्रवाह. या चारही गोष्टींना सॉफ्टवेअरने लगाम घालता येतो. अनेक हमीपत्रांत आठ वर्षांची मुदत असते आणि क्षमता सत्तर टक्क्यांखाली गेली तरच दावा ग्राह्य धरला जातो. लगाम थोडा आवळला, की बॅटरी मुदतीपल्याड पोहोचते. बचत उत्पादकाची, उणीव मालकाची.

प्रत्येक मर्यादा लबाडीची असते, असे मात्र नाही. २०२० मध्ये शेवरले बोल्ट या मोटारींना आगीचा धोका दिसताच जनरल मोटर्सने चार्जिंग ९० टक्क्यांवर रोखले. पण हे जाहीर करून, रीतसर मोटारी परत बोलावून केले, आणि पुढे बॅटरीचे सदोष भागही बदलून दिले. बॅटरी तापल्यावर मोटारीने स्वतःच तात्पुरती ताकद कमी करणे हाही भौतिकशास्त्राचा धर्म आहे. जालन्याच्या मे महिन्यात, समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मुभा असताना, चालकाला याचा प्रत्यय येऊ शकतो. तो धर्म विक्रीपूर्वी सांगितलेला असावा, एवढीच अपेक्षा.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. नेक्सॉन ईव्ही पुण्याजवळ रांजणगावला बनते, महिंद्राच्या नव्या विद्युत मोटारी चाकणला. पहिल्या मालकासाठी बॅटरीची आजीव हमी देण्यापर्यंत स्पर्धा गेली आहे. ग्राहक हरखतो, इतिहासाचा विद्यार्थी मात्र विचारतो, की हमी जितकी लांब तितका लगामाचा मोह मोठा नाही का? आपल्या राज्याने २०२५ च्या धोरणात विद्युत मोटारींना समृद्धीवर पथकरमाफी दिली. खरेदीला उत्तेजन देणाऱ्या शासनाने खरेदीनंतरच्या ताकदीचीही विचारपूस करावी.

कायद्यात आधार आहे, पण तो अपुरा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत गुणवत्ता, प्रमाण, सामर्थ्य, शुद्धता आणि दर्जा यांतील उणीव येते. मात्र त्याच कायद्यातील उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणात ‘हानी’ मोजताना खुद्द वस्तूचे नुकसान वगळले आहे. म्हणजे मोटारीने इजा केली तर वाट रुंद; मोटारच दुबळी झाली तर वाट अरुंद. शेतकऱ्यांनाही ही वाट सहज मिळालेली नाही. बियाणे कंपनीविरुद्ध शेतकरी ‘ग्राहक’ म्हणून दाद मागू शकतो, यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते २०१२ मध्ये, म्हणजे बियाणे कायद्यानंतर ४६ वर्षांनी.

माझी मागणी बियाण्याच्या लेबलाइतकीच साधी आहे. प्रत्येक सॉफ्टवेअर बदलासोबत मराठीत तीन आकडे यावेत: कमाल ताकद किती किलोवॅट, वापरता येणारी क्षमता किती किलोवॅट-तास, चार्जिंगचा कमाल वेग किती, बदलापूर्वी आणि बदलानंतर. आकडा उतरत असेल तर मालकाची संमती घ्यावी. सुरक्षेसाठी संमतीविना उतरवावा लागला, तर त्याची नोंद हमीच्या दाव्यात मालकाच्या बाजूने धरली जावी.

तोवर, तुमच्या घरात विद्युत मोटार असेल तर आजच पूर्ण चार्जिंगवर दिसणारे अंतर, तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती वहीत टिपून ठेवा. पुढील थ्रेड आसईच्या १८०३ च्या लढाईवर. तेही गाव आपल्याच जिल्ह्यातले.