प्रोग्राम ‘ओ-टू’वरही चालवून दाखवा

इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलना मी बाहेरची परीक्षक म्हणून जाते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या बोर्डावर दिवा लुकलुकला, एलसीडीवर अक्षरं उमटली, की मुलं सुटकेचा श्वास सोडतात. मग मी कंपायलरच्या सेटिंगमध्ये ‘ओ-झिरो’चं ‘ओ-टू’ करायला सांगते. तोच प्रोग्राम पुन्हा चिपमध्ये भरला, की अनेकदा बटण दाबूनही काही होत नाही. “मॅडम, कंपायलरमध्ये बग आहे,” असं मुलं म्हणतात. बग बहुतेक वेळा त्यांच्याच प्रोग्राममध्ये असतो आणि ‘ओ-झिरो’ने तो झाकलेला असतो.

सी भाषेत लिहिलेलं चिपच्या आज्ञांमध्ये उतरवणं हे कंपायलरचं काम. ‘ओ-झिरो’वर तो जवळजवळ लिहिलंय तसं उतरवतो, प्रत्येक वेळी मेमरीतून वाचतो, मेमरीत ठेवतो. ‘ओ-टू’वर तो वेगासाठी फेरमांडणी, म्हणजे ऑप्टिमायझेशन करतो, ‘ओ-एस’वर आकार आटोपशीर ठेवतो. आता बटणाचं बघा. बटण दाबलं की इंटरप्ट रूटीन एक फ्लॅग बदलतं आणि मुख्य लूप त्या फ्लॅगची वाट पाहत असतो. कंपायलरला लूपच्या आत फ्लॅग बदलणारं कोणी दिसत नाही. म्हणून तो फ्लॅग एकदाच वाचून रजिस्टरमध्ये ठेवतो आणि लूप कायमचा तिथेच फिरत राहतो. फ्लॅगच्या घोषणेत ‘व्होलाटाइल’ हा शब्द असता, तर तो दर फेरीला मेमरीतूनच वाचला गेला असता. (८ बिटांच्या चिपवर १६ बिटांचा आकडा वाचताना मध्येच इंटरप्ट आला, तर तेवढ्यानेही भागत नाही.) रिकामा फॉर लूप फिरवून केलेला डिले तर सरळ गायबच होतो, कारण त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

“मग ऑप्टिमायझेशन बंदच ठेवा,” हा लॅबमधला सल्ला मला मान्य नाही. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये फ्लॅश ३२ केबी आणि रॅम फक्त २ केबी. आर्डुइनोचं सॉफ्टवेअर तिच्यासाठी ‘ओ-एस’च वापरतं. एव्हीआर-लिबसी या तिच्या सी लायब्ररीमधली डिलेची फंक्शनं तर ऑप्टिमायझेशन बंद असेल तर नीट चालणार नाहीत, असा इशारा कंपाइल करतानाच देतात. भोसरीतल्या एखाद्या लहान कारखान्याला पंप कंट्रोलरचा कोड मावत नाही म्हणून मोठी चिप घ्यावी लागली, तर तो खर्च प्रत्येक नगावर पडतो. बॅटरीवरच्या मीटरमध्ये हळू कोड चिपला जास्त वेळ जागं ठेवतो. ‘ओ-थ्री’ डोळे मिटून लावणंही चूकच. त्याने कोड फुगतो आणि फ्लॅश संथ असली तर वेग वाढेलच असं नाही.

हे शिकवायला पुणं कमी पडावं, याचं मला वाईट वाटतं. रेनेसासच्या एसएच आणि एच८ चिपसाठी जीसीसी या कंपायलरवर आधारलेली टूलचेन इथल्याच केपीआयटी या कंपनीने तयार करून जगभर मोफत दिली, वापरणाऱ्यांच्या शंकाही मोफत सोडवल्या. आयआयटी मुंबईचे प्रा. उदय खेडकर आधी पुणे विद्यापीठात शिकवत होते. सहलेखकांबरोबरचं त्यांचं डेटा फ्लो अॅनालिसिसवरचं पुस्तक २००९ साली आलं. ‘हा फ्लॅग इथे कोणी बदलत नाही’ हे कंपायलर कशावरून ठरवतो, त्यामागचं शास्त्र हेच.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक प्रोग्राम ‘ओ-झिरो’ आणि ‘ओ-टू’ दोन्हींवर चालवून दाखवायला लावा. दोन्ही वेळचा कोडचा आकार जर्नलमध्ये लिहून घ्या. मुख्य लूपची डिसअसेंब्ली उघडून मुलांना वाचायला लावा. डीबगिंगसाठी जीसीसीमध्ये २०१३पासून ‘ओ-जी’ आहे, ते वापरू द्या. सत्रात वेळ नसतो, असं प्राध्यापक सांगतात आणि ते खरंही आहे. पण सेव्हन-सेगमेंट डिस्प्लेचा एखादा प्रयोग वगळला, तर एवढा वेळ नक्की निघतो.