क्रमांकाचे मोल



गतमासी परतवाड्याहून धारणीकडे जाताना सेमाडोहच्या वननाक्यावर आमची मोटार थांबली. वनरक्षकाने नोंदवहीत क्रमांक लिहिला. मागच्या जुनाट जीपचाही त्याच शांतपणे लिहिला. मी चिरंजीवांकडे पाहिले. नव्या मोटारीसाठी त्यांनी ‘०००९’चा हट्ट धरला होता.

पसंतीच्या क्रमांकांचे शुल्क राज्य शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये वाढविले. चारचाकीचा ‘०००१’ तीन लाखांवरून पाच लाख रुपयांवर गेला; मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तो सहा लाखांचा झाला. ‘०००९’ दीड लाखावरून अडीच लाखांवर पोहोचला. एकाच क्रमांकास अनेक अर्जदार असल्यास अधिक रकमेचा धनाकर्ष देणाऱ्यास तो मिळतो. कोणी ‘४१४१’चे आकडे वळवून ‘दादा’ लिहितात. ते तर नियमबाह्यच.

नवकाराची पदे नऊ, म्हणून नऊ आपणांस प्रिय. परंतु अडीच लाखांचा माल वर्षातून चार वेळा फिरतो. हा आकडा पत्र्यावर धूळ खात बसतो.

“बाबा, चारचौघांत मान राहतो,” चिरंजीव म्हणाले.

“मान पेढीच्या शब्दाला असतो. मुनीमजींची कन्या शुल्काअभावी अभियांत्रिकीचा प्रवेश सोडते आहे, हे ठाऊक आहे का?”

ते निरुत्तर झाले. घरी परतल्यावर त्यांनीच मुनीमजींना बोलावून घेतले.

मोटारीस पुढे ओळीने आलेला क्रमांक मिळाला: २४५७. बेरीज अठरा, म्हणजे नऊच. त्यासाठी वेगळा एक रुपयाही पडला नाही.