उत्तर न दिलेला प्रश्न

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यात काय होते, ते दूरगावच्या वाचकांना वर्तमानपत्रांतून ठाऊक असेलच. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा व दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते आणि दिवसभर गोटमार चालते. डोकी फुटतात, कधी कोणाचा जीवही जातो. या प्रथेमागे जी आख्यायिका सांगतात ती मात्र मोठी कोवळी आहे. पांढुर्ण्याचा एक मुलगा व सावरगावची एक मुलगी यांचे प्रेम जडले. दोघे पळून जात असता नदीच्या मध्यावर त्यांच्यावर दगडांचा वर्षाव झाला आणि ती तेथेच मेली. अशा या जोडप्याचे दरवर्षी स्मरण करणाऱ्या गावात एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या शरीराविषयी वडीलधाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारून पाहावा. हात कोणी उगारणार नाही, विषय मात्र तत्काळ बदलला जाईल.

मीही तो एकदा बदलला होता. त्याची कबुली देण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे.

गोष्ट २००८ सालच्या हिवाळ्यातली. मी तेव्हा याच परिसरातील दुसऱ्या एका शाळेत नववीला मराठी शिकवीत होतो. आदल्याच वर्षी किशोरवयीन शिक्षणाच्या केंद्रीय कार्यक्रमावरून देशभर गदारोळ उठला होता. पुस्तिकांतील चित्रे आपल्या संस्कृतीला शोभत नाहीत, असा आक्षेप आला आणि मध्य प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक आदी राज्यांनी तो कार्यक्रम आपल्या शाळांतून बंद केला. खरे सांगावयाचे तर आम्हां शिक्षकांना हायसे वाटले. ज्या विषयावर बोलण्याचा संकोच, त्यावर न बोलण्यास आता सरकारी आधार मिळाला होता.

अशात एके दिवशी शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी माझ्यापाशी घुटमळला. हुशार, अबोल मुलगा. "सर, रात्री झोपेत अंगातली शक्ती जाते म्हणतात, ते खरं आहे काय?" एवढे कसेबसे बोलून त्याने मान खाली घातली. प्रश्न काय आहे हे मला तत्क्षणी समजले होते. तरी मी म्हणालो, "पहाटे उठत जा, व्यायाम कर, अभ्यासात मन घाल." तो "हो सर" म्हणून निघून गेला. आपण चांगला उपदेश केला, असेच त्या दिवशी मला वाटले.

दोन महिन्यांनी त्याचे वडील त्याला दंडाला धरून शाळेत घेऊन आले. संत्र्याच्या आंबिया बहाराचे घरात ठेवलेले पैसे त्याने चोरले होते, थोडेथोडके नव्हे, अठराशे रुपये. कशासाठी, ते मार खाऊनही सांगत नव्हता. जुगार खेळला असेल, अशी वडिलांची समजूत. मी त्याला एकट्याला आत घेतले, तेव्हा त्याने दप्तरातून चुरगळलेली एक जाहिरात काढून दिली. नागपूर–इटारसी मार्गावर गाडीच्या खिडकीतून ज्यांची अक्षरे भिंतींवर दिसतात, त्या 'गुप्तरोगतज्ज्ञां'पैकी एकाची. चाळीस थेंब रक्तातून एक थेंब निपजतो आणि तो गेला की माणूस खंगून मरतो, असे त्याला तेथे सांगण्यात आले होते. मरणाच्या भीतीने त्या पोराने तीन महिन्यांच्या पुड्या घेतल्या होत्या.

वास्तविक वयात येणाऱ्या मुलाला झोपेत असे होणे हे मिसरूड फुटण्याइतकेच स्वाभाविक आहे. रक्ताचा व त्याचा तसा काही हिशेब नाही आणि त्याने कोणी खंगत नाही. ही भीती आपल्याकडे इतकी रुजलेली की डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली तिला 'धात सिंड्रोम' असे नावच दिले. चार वाक्यांचे हे उत्तर मी पहिल्याच दिवशी दिले असते तर पैसे वाचले असते, मार वाचला असता आणि दोन महिने त्या मुलाने रात्री कशा काढल्या असतील तेही टळले असते.

मग वडिलांना बाजूला घेऊन मी सारे सांगितले. चौथी शिकलेला तो शेतकरी बराच वेळ गप्प राहिला. नंतर हळूच म्हणाला, "गुरुजी, मलेबी असंच भेव वाटे. पण बापाले कसं इचाराव?"

ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. 'कसं इचाराव' यात नुसती लाज नव्हती; विचारावयास शब्दच नव्हता. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत ही अडचण दुप्पट होते. मुलगा शाळेत हिंदी वा इंग्रजी पुस्तकातून 'निषेचन' घोकतो. दहावीच्या विज्ञानात जननाचा धडा आहे, पण पुष्कळ ठिकाणी तो 'घरी वाचून घ्या' या सूचनेवर संपतो. रस्त्यावर त्याच अवयवांची नावे त्याला शिव्यांतून कळतात. घरी मराठी बोलतात, पण त्या मराठीत या विषयापुरते मौन असते. तीन भाषा जाणणारे मूल आईजवळ बोलताना मुके होते.

मुलींचे पाहा. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी मुलीला न्हाण आले की मखरात बसवीत, गाणी म्हणत. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही; बालविवाहाच्या त्या काळात तो सासरी पाठवण्याचा मुहूर्त असे. मखर गेले ते बरेच झाले. पण त्याच्या जागी आपण काय ठेवले? 'कावळा शिवला' एवढेच. आठवीतली एक मुलगी आमच्या शिक्षिकाबाईंना म्हणाली होती, "बाई, मला तर कोणताच कावळा शिवला नाही, मग रक्त का आलं?" बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मराठीत हे शब्द नव्हते असे मात्र कोणी समजू नये. ते घडविण्यासाठी एका गणिताच्या प्राध्यापकाने आयुष्य वेचले. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्रही त्याच वर्षीचे. या कार्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले, तेही पदरमोड करून; पत्नी मालतीबाईंनी साऱ्या ओढगस्तीत त्यांना साथ दिली. मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे असत. माझ्या विद्यार्थ्याने विचारला तशाच जातीचे प्रश्न, आणि उत्तरे सरळ मराठीत. त्या उत्तरांपायीच अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. वाचक विचारीत असतील तर या विषयालाच वाहिलेल्या मासिकाने उत्तर का देऊ नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, दंड झाला, मासिक मात्र चालूच राहिले. कर्व्यांची सगळीच मते मला पटतात असे नाही. काही ठिकाणी ते फार टोकाला जातात. पण ज्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी त्यांनी न्यायालयाची पायरी चढली, तोच प्रश्न पाऊणशे वर्षांनी माझ्यापुढे आला आणि मी 'पहाटे उठत जा' म्हणालो! मराठीचा एम. ए. म्हणविणाऱ्याला याहून लाजिरवाणे काय असणार?

आज मुले आमची वाटही पाहत नाहीत. हातातल्या मोबाइलवर जे दिसते ते पाहून आपली व दुसऱ्याची शरीरे कशी असावीत, स्त्रीशी कसे वागावे, याविषयी त्यांच्या भलत्याच कल्पना होतात. कायदाही त्यांना ठाऊक नसतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीची संमती ही संमतीच नव्हे. गोटमारीच्या कथेतले ते जोडपे आज पळाले आणि मुलगी सतरा वर्षांची असली तर प्रकरण सरळ पोलीस ठाण्यात व न्यायालयात जाईल. हे त्यांना आधी सांगावयाचे कोणी?

फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि प्रत्येक शाळेत एक शिक्षक व एक शिक्षिका यांनी हे विषय हाताळावेत असे ठरले. कागदावर ते उत्तम आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या होऊन आमचा नवा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या. संकोच काही परिपत्रकाने जात नाही. म्हणून मी शाळेत एक कुलूपबंद पेटी ठेवली. नाव न लिहिता प्रश्न टाकावा. शनिवारी शिक्षिकाबाई व मी चिठ्ठ्या वाचतो, सोमवारी तासाला उत्तर देतो. पहिल्या तासाला माझे हात कापत होते, हे मान्य केले पाहिजे. काही पालक भांडावयास आले. त्यांच्यापुढे मी, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून नव्याने लिहून काढलेले पाच प्रश्न ठेवले आणि विचारले, यांतल्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर मुलाने भिंतीवरच्या वैद्याकडून घ्यावे असे आपणांस वाटते? दोघे उठून गेले. बाकीचे बसले, आणि एका आईने विचारले, "सर, आम्ही घरी कोणत्या शब्दांत सांगावं, तेवढं लिहून द्या ना."

ते टिपण मी सध्या करीत आहे. सोपे नाही, एकेका शब्दापाशी अडतो.

परवाच्या शनिवारी पेटीत एकच चिठ्ठी निघाली. तीत प्रश्न नव्हता म्हणा किंवा तोच खरा प्रश्न होता म्हणा: "सर, विचारलं तर रागावणार नाही ना?" सोमवारी सर्वांआधी तीच वाचणार आहे.